नत्थूजीचा गिलास

सक्करदऱ्याच्या तलावापासून थोडं आत, बाभळीच्या कुंपणात लुथरन मंडळीचं एक लहानसं चर्च होतं. नागपुरात मोठमोठी चर्चं आहेत, त्यांच्यापुढे हे म्हणजे कौलारू शाळेची खोली. मंडळीही बेताचीच. छिंदवाडा-बैतूलकडून पोटामागे आलेली घरं, दोन-चार नगरकडची, काही इथलीच. पण ताठा केवढा! शुद्ध शिकवण आहे ती आपल्याच चार भिंतींत, हे इथल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक. दुसऱ्या चर्चांतले काही लोक प्रभुभोजनाला नुसती आठवण म्हणतात. इथे तसं म्हणणाऱ्याची खैर नव्हती. वेदीवर भाकर आणि द्राक्षारस ठेवून पाद्र्याने ‘हे माझं शरीर, हे माझं रक्त’ हे प्रभूचे शब्द उच्चारले, की भाकरीत खरं शरीर आणि प्याल्यात खरं रक्त. घेणारा साधू असो की चोर, त्याच्या विश्वासाने त्यात भर पडत नाही आणि पापाने काही कमी होत नाही. जे होतं ते शब्दांनी होतं. वयात येणाऱ्या पोरांकडून प्रश्नोत्तरी घोकून घेताना हे असं डोक्यात बसवत, की म्हातारपणी माणूस बाकी सगळं विसरला तरी एवढं विसरत नसे.

आणि म्हणूनच शब्द झालेल्या प्याल्यातला थेंबही फेकायची सोय नव्हती. मंडळी पिऊन उरेल तो द्राक्षारस पाद्र्याने संपवायचा, प्याला पाण्याने विसळायचा आणि ते पाणीही त्यानेच पिऊन टाकायचं. प्याला एकच, चांदीचा, कोण्या जुन्या मिशनरी साहेबाने दिलेला. सगळी मंडळी त्याच एका प्याल्याला ओठ लावी.

या चर्चची राखण नत्थूजी करायचा. मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या, तिथे तो आणि त्याची बायको प्रयागबाई राहत. लेकरूबाळ नव्हतं. घंटा वाजवणं, बाकं पुसणं, वेदीवरचं कापड सणासणाला बदलणं, हाच त्यांचा संसार. एका रविवारी उपासनेआधी नत्थूजी मेणबत्त्या लावत होता. वितळलेलं मेण बोटांवर ओघळलं आणि हा बाबा तसाच उभा. हात मागे नाही घेतला की तोंडातून हू की चू नाही. पुढच्या बाकावरून प्रयागबाई ओरडली तेव्हा त्याने खाली पाहिलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरने त्या बोटांना टाचणी टोचून पाहिली आणि महारोग असल्याचं सांगितलं.

मग त्याला दूरच्या दवाखान्यात ठेवलं. एक-दोन महिने म्हणता म्हणता वर्षांवर वर्षं गेली. प्रयागबाई इथे एकटी घंटा वाजवत राहिली आणि जमेल तेव्हा गाडीत बसून त्याला भेटून येत राहिली. दवाखान्यात एक प्रार्थनाघर होतं, तिथे प्रभुभोजनही व्हायचं. पण ते दुसऱ्या पंथाचे लोक, आठवणवाले. नत्थूजीने त्यांच्या हातून एकदाही घेतलं नाही. शेजारच्या खाटांवरचे रोगी म्हणायचे, घे ना गा, देवाचंच आहे. हा मान हलवायचा. आपल्या मंडळीच्या शिकवणीसाठी हा माणूस तिकडे उपाशी राहिला, आणि आपली मंडळी? पाद्री अमोलिक एकदा गेले. दारातून हात वर करून प्रार्थना केली आणि परतीची गाडी चुकेल म्हणून निघाले. सोबत ना भाकर नेली ना द्राक्षारस.

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर नत्थूजी बरा होऊन आला. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली होती, बाकी काही नाही. याच्यापासून आता कोणाला काही होत नाही, असं दवाखान्याच्या डॉक्टरने स्वतः मंडळीच्या पंचांना कळवलं. पंचांनी ते ऐकलं, देवाचे आभार मानले आणि लगेच बैठक बोलावली.

मुख्य पंच होते भैयाजी, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. माणूस तसा वाईट नाही, पण घरात त्यांची बायको प्रेमिलाबाई बोलेल ते खरं. प्रेमिलाबाईने आधीच सांगून ठेवलं होतं, की त्या माणसाने तोंड लावलेल्या प्याल्याला मी तोंड लावणार नाही. बैठकीत हे असं उघडं कोण बोलेल! तिथे ठरलं ते फार प्रेमाने ठरलं. नत्थूजीची बोटं अधू, चांदीचा प्याला जड, तेव्हा त्याच्या सोयीसाठी स्टीलचा लहान गिलास ठेवावा. आणि गुडघे टेकायला वेळ लागतो म्हणून त्याने सगळ्यांच्या शेवटी यावं. गर्दी नको त्याला.

प्रयागबाईच्या डोक्यात तिडीक गेली. पण नत्थूजीने तिला गप्प केलं. तो बैठकीत उभा राहिला आणि पाद्रीसाहेबांना एवढंच विचारलं,

"गिलास काय अन् प्याला काय, जी. आतलं तेच राहीन ना?"

"तेच राहील, नत्थूजी," पाद्री अमोलिक म्हणाले.

त्यावर नत्थूजीने मान तुकवली. पहिल्या रविवारी तो शेवटी गेला, एकटाच वेदीपुढच्या कठड्याशी टेकला. तो गिलास दोन्ही हातांनी धरून प्यायला आणि तिथेच ढसाढसा रडला. इतक्या वर्षांची भूक होती ती. बायकांनी पदर डोळ्यांना लावले, प्रेमिलाबाईनेसुद्धा. प्रयागबाईने मनाशी म्हटलं, जाऊ दे, त्याला मिळालं ना, मग आपण कशाला जीव जाळायचा.

असे महिने गेले. महिन्यातून एकदा प्रभुभोजन, त्याच्या आदल्या दिवसापासून नत्थूजी कमी बोलायचा. स्वच्छ धोतर काढून ठेवायचा, सगळ्यांशी झालंगेलं मिटवून घ्यायचा. कोणाशी भांडण मनात ठेवून वेदीपुढे जायचं नाही, ही तिथली रीत. खरं म्हणजे भांडायला त्याच्याजवळ येत कोण होतं? पण तो आपला घरोघर दारात उभा राहून, माझं काही चुकलं असेल तर माफ करा, असं म्हणून यायचा. लोक आतूनच हो हो म्हणत.

पुढच्या वर्षी ईस्टरच्या सकाळी चर्च गच्च भरलं. वर्षभर तोंड न दाखवणारेही नवे कपडे घालून आले होते. वेदीवरच्या भाकरीच्या चकत्या पुरणार नाहीत, असं पाद्र्याने मान हलवून खुणावलं. पात्रांची, कापडांची सगळी देखरेख प्रयागबाईकडे, म्हणून ती उठली. मागच्या खोलीतून चकत्यांचा डबा आणून दिला आणि झाकण ठेवायला परत आत गेली. तिथे खिडकीत, पाद्रीसाहेबांच्या टोपीशेजारी, नत्थूजीचा गिलास ठेवलेला होता. रिकामा नव्हता. द्राक्षारसाने भरलेला, वर बशी झाकलेली.

तिला आधी काही उमगेना. तिला वाटत होतं की नत्थूजीची पाळी आली की पाद्री चांदीच्या प्याल्यातूनच त्या गिलासात ओततात. एरवी त्या वेळी ती बाकावर डोळे मिटून प्रार्थनेत असायची. तेवढ्यात भिंतीपलीकडे सगळं शांत झालं आणि पाद्र्याचा आवाज आला. ते शब्द सुरू झाले होते. वेदीवरच्या भाकरीवर, वेदीवरच्या प्याल्यावर. आणि गिलास इथे, खिडकीत. तिने बशी सरकवून बोट बुडवलं, जिभेला लावलं. चव तीच, बाटलीतली. पण ती नुसती बाटलीतलीच होती.

मग ती बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिने सगळं पाहिलं. मंडळी ओळीने आली, प्यायली, गेली. पाद्र्याने उरलेलं संपवलं, प्याला विसळून पाणी प्यायलं, पांढऱ्या फडक्याने कडा पुसली. मग मागच्या खोलीत जाऊन तो गिलास आणला आणि नत्थूजीच्या हातात दिला. नत्थूजीने डोळे मिटले होते. तो तळ दिसेपर्यंत प्यायला आणि बराच वेळ तसाच टेकून राहिला. एवढे महिने हा माणूस हेच पीत आला होता. तिला वाटलं, आत्ता ओरडून सांगावं. पण त्याचा चेहरा पाहून तिने पाय मागे घेतला.

त्या दिवशी घरी नत्थूजी खुशीत होता. दवाखान्यातल्या ईस्टरच्या गोष्टी सांगत तो जेवला. प्रयागबाईने ताट तसंच बाजूला सारलं. त्याने विचारलं तर तिने उन्हाचं निमित्त सांगितलं.

दुसऱ्या सकाळी ती पाद्र्याच्या बंगल्यावर गेली. पाद्री अमोलिक कुंड्यांना पाणी घालत होते. नगरकडचा माणूस, बोलणं मऊ, कोणावर आवाज चढवायचा नाही. तिने विचारलं तेव्हा त्यांनी नाकबूल केलं नाही. झारी खाली ठेवली आणि समजावून सांगायला लागले. चांदीच्या प्याल्यातून गिलासात ओतलं असतं, किंवा गिलास वेदीवर ठेवून शब्द म्हटले असते, तर गिलासाच्या तळाशी काही ना काही उरलंच असतं. ते आणि त्याचं विसळण कोणी प्यायचं? नियमाने पाद्र्याने. घरात त्यांची लहान मुलं होती. डॉक्टर सांगतात ते बरोबरच असेल, पण मन मानत नाही.

"मग मी काय करू, बाई?" ते म्हणाले. "प्रभूचं रक्त मोरीत ओतू? ते पाप माझ्याच्याने होणार नाही."

बरं, तोंडावर लबाडीचा लवलेश नाही! हा माणूस खरोखर देवाला भिऊन बोलत होता. रक्त सांडायचं पाप नको, म्हणून ज्याला पाजायचं त्याला पाजलंच नाही. त्याच्या मते यात सगळ्यांचं भलं झालं होतं.

"मंग तुमी त्याले इतके दिवस काय पाजलं, जी?" तिने विचारलं.

"तो विश्वासाने पितो. विश्वासाने पिणाऱ्याला प्रभू..." एवढं बोलून पाद्री थांबले. आपण आठवणवाल्यांसारखं बोलून राहिलो, हे त्यांचं त्यांनाच कळलं असावं. मग झारी उचलून म्हणाले, की हे नत्थूजीला कळू देऊ नका, त्याचं मन दुखेल. पुढच्या वेळी काय करता येतं ते पाहू.

पाहू म्हणजे काय, हे नागपुरात कोणाला सांगावं लागत नाही. मे महिन्याचं प्रभुभोजन आलं आणि गेलं, गिलास खिडकीतच होता. तेव्हा प्रयागबाईने ठरवलं. त्याला एकदा तरी खरं मिळालंच पाहिजे. मग काय व्हायचं ते होवो.

ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशीचा पेंटेकॉस्टचा सण आला. ऊन मी म्हणत होतं, कौलं तापून भट्टी झालेली. प्रयागबाईने वेदीवर लाल कापड घातलं, चकत्यांचं ताट मांडलं, चांदीचा प्याला भरला आणि त्याच्याशेजारी नत्थूजीचा गिलास भरून ठेवला. वर पांढरं फडकं घातलं. शब्द वेदीवर जे असेल त्या सगळ्यावर पडतात. पाद्र्याच्या इच्छेचा प्रश्न उरतच नव्हता, असा तिचा हिशेब होता.

उपदेश झाला, गीत झालं, पापकबुली झाली. पाद्र्याने वेदीकडे वळून फडकं उचललं आणि तो थबकला. सगळी मंडळी उभी होती. डोक्यावर पंख्याची घरघर चालू होती. प्रयागबाई मनात म्हणत होती, म्हणा, शब्द म्हणा, दोन ओळींचं तर काम आहे. पाद्र्याने फडक्याचं टोक बोटांभोवती गुंडाळलं, त्या टोकाने गिलास उचलला आणि वेदीवरून काढून खालच्या पायरीवर ठेवला. मग सरळ उभा राहून, हात जोडून, खणखणीत आवाजात त्याने प्रभूचे शब्द म्हटले.

सगळ्यांनी पाहिलं. शेवटच्या बाकावरून नत्थूजीनेही पाहिलं. त्याने एकदा प्रयागबाईकडे मान वळवली. तिने डोळे खाली घातले. बस, त्याला सगळं कळलं.

पुरुषांची पहिली ओळ उठली तसा तोही उठला. शेवटी जायचं असतं हे जणू तो विसरला होता. सावकाश चालत पुढे गेला आणि भैयाजींच्या शेजारी कठड्याशी गुडघे टेकले. भैयाजी क्षणभर घुटमळले, मग खोकल्यासारखं करून उठले आणि जागेवर जाऊन बसले. त्यांच्यामागे दुसरा उठला, तिसरा उठला. कठड्याशी नत्थूजी एकटा राहिला.

"मले प्याला पायजे, पाद्रीसाहेब," तो म्हणाला. आवाज बारीक होता पण शेवटच्या बाकापर्यंत गेला. "माया हातून काई पाप झालं असन तर सांगा, मी उठून जातो."

पापी माणसाला वेदीपासून परत पाठवायचा पाद्र्याला अधिकार होता. पण पाप काय सांगणार? पाद्र्याने चकती त्याच्या तळहातावर ठेवली, स्पर्श होणार नाही अशी वरून सोडली. मग प्याला पुढे केला. नत्थूजी एक घोट प्यायला.

पाद्र्याने पुढच्या ओळीला बोलावलं. कोणी आलं नाही. पुन्हा बोलावलं. प्रेमिलाबाई गीतांच्या पुस्तकाने वारा घेत खिडकीबाहेर पाहत होती. प्रभूचं खरं रक्त समोर होतं, हे त्यांच्यापैकी कोणीही झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवलं असतं. पण एकाचा पाय हलेना. तेव्हा प्रयागबाई भिंतीपासून निघाली आणि पुरुषांच्या बाजूला, नवऱ्याला लागून, गुडघ्यांवर बसली. ती प्यायली. पाद्र्याने प्याला मागे घेतला नाही. आत अजून अर्धा होता, आणि फेकायची सोय नव्हती.

"संपवा, बाई," ते हलक्या आवाजात म्हणाले.

तिने संपवला. त्यांनी पाणी ओतून प्याला हलवला आणि तेही तिच्याच पुढे धरलं. ज्या पाण्यावर आजवर पाद्र्याशिवाय कोणाचा हक्क नव्हता, ते राखणदाराची बायको प्यायली. पेटीवाल्याने शेवटचं गीत धरलं आणि त्या दिवशी मंडळी न जेवताच घरी गेली.

नत्थूजी दुपारभर खाटेवर पडून होता. संध्याकाळी म्हणाला, "भेटलं वं, प्रयाग." आणि जरा वेळाने म्हणाला, "पन मायासंग कोनी बसलं नाई." तिने त्याच्या वाकड्या बोटांना तेल चोळून दिलं.

पंचांची बैठक झाली, तीही प्रेमानेच. कोणी नत्थूजीला बोल लावला नाही, प्रयागबाईला कामावरून काढलं नाही. भैयाजींनी कुठूनसा पत्ता काढून एक लाकडी ताट मागवलं. त्याला भोकं होती आणि प्रत्येक भोकात काचेचा चिमुकला गिलास बसायचा. परदेशात हल्ली असंच करतात म्हणे, आरोग्याच्या दृष्टीने. आता प्रत्येकाला आपापला गिलास. सगळे वेदीवर, सगळ्यांवर शब्द. कोणी पहिला नाही, कोणी शेवटचा नाही, नत्थूजीने मन मानेल त्या ओळीत यावं. चांदीचा प्याला फडक्यात गुंडाळून कपाटात गेला. उभ्या मंडळीला जोडणारा तो एक प्याला, एका माणसाबरोबर प्यायला नको म्हणून त्यांनी तोच सोडून दिला. आणि वर प्रगती झाली म्हणून समाधान!

"आता तरी झालं ना मनासारखं, बाई?" पाद्र्याने विचारलं. खोट काढायला जागाच नव्हती.

नव्या ताटाचं पहिलं प्रभुभोजन बिनबोभाट पार पडलं. ताट त्या दिवशी प्रेमिलाबाईने हौसेने स्वतः भरून मांडलं होतं. नत्थूजी मधल्या ओळीत बसला. एका बाजूला भैयाजी, दुसऱ्या बाजूला त्यांचा जावई. पाद्र्याने एकेकाच्या हातात एकेक गिलास दिला, नत्थूजीला ताटाच्या कोपऱ्यातला, सगळे एकदमच प्यायले, एकदमच उठले.

उपासना संपल्यावर प्रयागबाई मागच्या अंगणात गिलास धुवायला बसली. पाद्र्याने सांगितल्याप्रमाणे पहिलं पाणी कुंपणाजवळच्या मातीत ओतून झालं होतं. आता ते चालायला लागलं होतं. सगळे गिलास एकसारखे. एक हातात आला आणि तिचा अंगठा बुडाशी अडखळला. तिने तो उलटा केला. बुडाला नखाला लावायच्या रंगाचा लाल ठिपका होता. नीट, गोल, वाळून घट्ट झालेला. तिने बाकीचे सगळे उलटे करून पाहिले. दुसऱ्या कशालाच नव्हता. तिने नखाने खरवडलं, राखेने घासलं. निघाला नाही.

नत्थूजी येऊन ओट्यावर बसला. सदरा काढून खांद्यावर टाकला होता. कितीतरी वर्षांत तिने त्याला इतकं निवांत पाहिलं नव्हतं.

"आज मायाजवळून कोनी उठलं नाई वं," तो म्हणाला.

"नाई उठलं," ती म्हणाली, आणि तो गिलास पुसून तिने ताटात बाकीच्यांबरोबर लावला.